आठवी वाट

दारावर ‘प्रयोग सुरू आहे, शांतता राखा’ अशी पाटी होती. तिनं त्यातलं ‘प्रयोग’ एवढंच वाचलं आणि दार ढकललं.

पाटी असो, पत्र असो, नाहीतर समोरच्या माणसाचं बोलणं असो... शेवटपर्यंत थांबणं तिच्या स्वभावातच नव्हतं. जन्मालाच मुळी ती वीस दिवस आधी आली होती. घरात तिला सगळे ‘आधीबाई’ म्हणत. आईनं हाक मारायला तोंड उघडावं, तोवर हिची ‘ओ’ येऊन गेलेली असे!

त्या दिवशी ती तारांगणात आली होती तिकीटखिडकीचा स्पीकर दुरुस्त करायला. मामाचं सर्किटांचं छोटंसं वर्कशॉप होतं. तिथं ती नवे बोर्ड बनवायची आणि जुने बिघडलेले बरे करायची. खिडकीतल्या काकांना तिनं विचारलं, “फ्यूज कुठं आहेत?”

“ते डावीकडचं दार—”

“कळलं!” म्हणत ही निघालीसुद्धा. “—सोडून त्याच्या पुढचं,” हे काकांचं उरलेलं वाक्य बिचारं खिडकीतच राहिलं.

आणि म्हणून ती फ्यूजच्या खोलीऐवजी घुमटाखाली येऊन उभी राहिली.

आत काळोख होता. साधासुधा नाही, डोळे मिटले काय नि उघडले काय, सारखाच. ती चाचपडत एका खुर्चीत टेकली. एवढ्यात त्या काळोखातून एक आवाज आला. मोठा नव्हता. कुणाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवावा तसा होता.

“सूर्य मावळलाय. गावातला शेवटचा दिवा आपण आत्ताच विझवला. आता एक मिनिट मी बोलणार नाही. इतका वेळ मी बोललो. आता... हे बोलतील.”

आणि मग ते उगवले.

एक, दोन, दहा नाहीत, हजारो! जणू कुणीतरी ओंजळ भरभरून वर उधळली आणि ती खाली पडायचंच विसरली. एरवी तिच्या जिभेवर प्रत्येक गोष्टीला शब्द तयार असायचा. त्या क्षणी एकही नव्हता. ज्यानं हे खरंखुरं वर लावून ठेवलंय, आणि रोज न चुकता फिरवतोय, त्याची आठवण होऊन तिचे हात नकळत एकमेकांत गुंतले.

अख्खं आकाश सावकाश पश्चिमेला कलत होतं. लहान पोरंसुद्धा चिडीचूप. एक मिनिट संपत आलं असेल-नसेल... आणि तिला ते दिसलं. दक्षिणेकडचे तारे अडखळले. एक पाऊल मागं, एक पुढं. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासारखे थरथरले.

“अहो, तुमचे तारे लटपटतायत!” ती ओरडली.

घुमटाचा गुणच असा की कुजबुज केली तरी चारी बाजूंनी ऐकू येते. हिनं तर आरोळी ठोकली होती. सगळा घुमट खो-खो हसला. आवाजाचा मालक म्हणाला, “खरंय. थकलेत बिचारे. आपण त्यांना निजू द्यावं, हं?” आणि अलगद पहाट केली.

लोक निघून गेल्यावर ती माफी मागायला यंत्राजवळ गेली. तिथं एक उंच, सडपातळ तरुण उभा होता. कान लालबुंद.

“त... तुम्ही... ते...”

“हो, मीच ओरडले. चुकलं माझं. पण तो आवाज कुणाचा होता? त्यांना भेटायचंय.”

त्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“तुमचा?” तिचा विश्वासच बसेना. “मग आता काय झालं त्याला?”

“उ... उजेड,” तो कसाबसा म्हणाला.

तर अशी ही वल्ली. काळोखात साक्षात वाणी जिभेवर येऊन बसायची, आणि दिवे लागले की एकेक शब्द हातात काठी घेऊन चालायचा. तो तारांगणाचा निवेदक होता. हे मधलं काळं, दोन डोकी असलेलं तारायंत्र त्याच्या वडिलांनी एकतीस वर्षं चालवलं होतं, आणि आता ते त्याच्या हाती होतं. ते एक मिनिट गप्प राहण्याची शिस्तही वडिलांचीच. “आकाश बोलायला लागलं की आपण तोंड मिटावं,” असं ते म्हणायचे.

“हे थरथरणं कधीपासून?” तिनं विचारलं.

“तीन महिने. जुनं यंत्र... नवा मेंदू... बसवल्यापासून.” त्यानं यंत्राच्या पायाशी असलेली पत्र्याची पेटी उघडली. “हा मधला बोर्ड—”

“हा बोर्ड असाच बनवलाय कुणीतरी, काही न बघता,” असं म्हणत ती वाकली.

बोर्डाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूवर लाल थेंब होता. नेलपॉलिशचा. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून ती प्रत्येक बोर्डावर असा एक थेंब लावायची. तीन महिन्यांपूर्वी कुणी मध्यस्थ मामाकडून एक बोर्ड बनवून घेऊन गेला होता. तो कुठं बसणार, काय चालवणार, हे सांगायला त्यानं सुरुवात केली होती खरी. ऐकायला कोण थांबलं होतं!

“हा... माझा आहे,” ती म्हणाली.

त्यानं चमकून तिच्याकडे पाहिलं. मग थेंबाकडे. मग तिच्या नखांकडे.

“तीन महिने मी रोज... या थेंबाकडे बघतो. वाटायचं, हा थेंब लावणारं माणूस—”

“निष्काळजी असेल! बरोबर आहे, म्हणा ना!” तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, म्हणून आवाज आणखीच चढला. “मीच बिघडवलं ना, मीच दुरुस्त करीन!”

तो काहीतरी बोलणार होता. ओठ हललेही होते. पण ही मीटर काढायला पाठमोरी झाली होती.

*

काम वाटलं तितकं साधं नव्हतं, आणि वेळ मोजका होता. तारांगणाच्या संचालिकाबाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. चष्म्याच्या वरून बघत त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं. “पंधरा दिवसांनी जो रविवार येतो, त्या दिवशी पाचच्या प्रयोगाला मी स्वतः बसणार. एक तारा जरी हलला, तरी सोमवारी हे यंत्र उतरवायचं आणि घुमटावर फिल्म दाखवायची. लोक थरथरणारं आकाश बघायला येत नाहीत.”

“आणि निवेदक?” तिनं विचारलं.

“फिल्मचा आवाज फिल्ममध्येच असतो.”

तो शेजारी मान खाली घालून उभा होता. बाहेर आल्यावर कळलं, दूरच्या एका शहरात जुनी कागदपत्रं सांभाळायच्या कचेरीत त्याला जागा देऊ केली होती. दिवसभर ट्यूबलाइट. जिथं काळोखच नाही तिथं तो आवाज पुन्हा कुणाला ऐकू येणार? माझ्या एका बोर्डापायी एक अख्खं आकाश विझणार आणि त्याच्याबरोबर तो आवाजही!

रोज सकाळच्या आणि दुपारच्या प्रयोगांमधल्या वेळात ती पेटीपाशी मांडी घालून बसू लागली. तो तिच्यासाठी चहा आणायचा, बॅटरी धरायचा, स्क्रू एका बशीत ओळीनं मांडून ठेवायचा.

“मला सांगा,” त्यानं एकदा विचारलं, “हा बोर्ड... करतो काय?”

असं कुणी विचारलं की तिला पंख फुटत. “असं समजा, दोन घरं आहेत. तुमचा नवा मेंदू, हा कॉम्प्युटर आहे ना, तो पावणेदोन व्होल्टांत बोलतो. म्हणजे कुजबुजतोच. आणि तुमच्या वडिलांचं यंत्र पाच व्होल्टांखाली कानच देत नाही. आमच्या घरासारखं! आमच्याकडे मीठ मागायचं तरी ओरडावं लागतं.”

“आणि कुजबुजणारं घर...”

“तुमचं, कळलं! तर मध्ये हे दुभाषे बसवलेत. या बारक्या चिपा. इकडून कुजबूज आली की तिकडं खणखणीत करून सांगायची. सात तारांवरून शब्द जातात. कुठला तारा किती फिरवायचा, ते. आणि ही एक वेगळी तार ठेक्याची. टाळी पडली की यंत्र समोर असेल तो शब्द वाचतं. पुढची टाळी, पुढचा शब्द. सेकंदाला हजारो टाळ्या.”

“हजारो...” तो पेटीकडे टक लावून पाहत राहिला. “आणि एवढ्याशा जागेत. मुंगीच्या घरात... मृदंग.”

ती हसता-हसता थांबली. दहा वर्षं ती हे काम करत होती, पण त्यात मृदंग वाजतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

“ठेका म्हणजे राजा,” ती जरा ऐटीत म्हणाली. “म्हणून मी त्याला सगळ्यात वेगवान दुभाषा दिलाय. स्वतंत्र. शब्दांना साधा, ठेक्याला खास!”

बोर्ड ती वर्कशॉपमध्ये नेऊन तपासायची. तिथं तो शहाण्या मुलासारखा वागायचा. एक चूक नाही. परत आणून बसवावा तर पुन्हा थरथर. तारा बदलल्या, जोड नव्यानं केले, वीज तपासली. दिवस मात्र ओंजळीतल्या पाण्यासारखे गळत होते.

तो मधूनमधून काही सांगू बघायचा. “ते... मावळल्यानंतर विसाव्या मिनिटाला... पेटी हाताला—”

“सैल लागते, माहितेय! आवळलीय मी.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “पेटी... मी हात लावून...”

“हात नका लावू हं त्याला, शॉक बसेल!”

मग तो हसून चहाचे कप उचलायचा. आणि पाचच्या प्रयोगाला ती शेवटच्या रांगेत जाऊन बसायची. म्हणायची, “थरथर बघायला बसते.” खोटं! काळोखात तो आवाज सुरू झाला की तिचा दिवसभराचा शीण उतरायचा. त्या काळोखात तिला कुणाचं वाक्य तोडता यायचं नाही. तिथं तो म्हणायचा, “हा जो प्रकाश तुमच्या डोळ्यांत आत्ता शिरला, तो तुमच्या पणजोबांच्या जन्माआधी निघालाय. वाटेत कुठं थांबला नाही, कुणाला ढकलून पुढं गेला नाही. पोचायचं तेव्हाच पोचला.” असं काही ऐकलं की तिच्या अंगावर काटा यायचा, आणि आपण काळोखात बसलोय याचं तिला बरं वाटायचं. चेहरा दिसत नाही ना!

आठव्या दिवशी मात्र घोटाळा झाला. दुपारची वेळ होती. दोघं पेटीपाशी. तिनं बाराव्यांदा बोर्ड बसवला होता आणि बाराव्यांदा तारे थरथरले होते.

“एक... सांगू?” तो म्हणाला. “हे यंत्र उतरवलं, तरी तुम्ही—”

“तरी मी वाईट वाटून घ्यायचं नाही, असंच ना? की तरी इथं पुन्हा पाय ठेवायचा नाही?” ती ताडकन उठली. “कळतं मला! माझ्यामुळं तुमच्या वडिलांचं यंत्र चाललंय, तुमची जागा चाललीय. तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून चहा पाजताय रोज!”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “तसं... मी...”

पण ती पिशवी उचलून गेलीसुद्धा. दाराशी आल्यावर तिला वाटलं, मागून हाक येईल. हाक आली नाही. म्हणजे, निघाली होती कदाचित. पोचायच्या आत हिनं दार लावलं होतं.

घरी आल्यावर मामानं विचारलं, “काय गं, तोंड का असं?” तिनं सगळा राग काढला. मामा शांतपणे सोल्डरची तार गुंडाळत म्हणाला, “तो नक्की काय म्हणाला?”

“म्हणाला, यंत्र उतरवलं तरी तुम्ही...”

“पुढं?”

“पुढं मीच म्हणाले.”

मामानं सोल्डरची तार खाली ठेवली. मग म्हणाला, “आधीबाई, अगं, पोचू तरी द्यावं माणसाला!”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली तर घसा बसलेला. आवाज फुटेना. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बजावलं, “तीन दिवस एक शब्द नाही. नाहीतर महिनाभर जाईल.”

मामी म्हणाली, “चला, घराला सुट्टी!”

पण रविवारला सहा दिवस राहिले होते. राग होता, लाजही होती, तरी ती वही-पेन्सिल घेऊन तारांगणात गेली. काम अर्धं टाकणं तिला ठाऊक नव्हतं. त्याला पाहिल्यावर तिनं वहीत लिहिलं : ‘घसा गेलाय. बोलता येत नाही. कालचं सोडा.’

त्यानं ते दोनदा वाचलं. मग इकडेतिकडे पाहिलं, जणू एवढी शांतता अचानक आली कुठून! ती पेटीपाशी बसली. तो शेजारी बसला.

“ते...” त्यानं सुरुवात केली आणि सवयीनं थांबला. ती तोडेल म्हणून.

तिनं तोडलं नाही. तोडायचं होतं! पेन्सिल उचललीही होती. पण चार अक्षरं लिहून होईस्तोवर त्यानं धीर एकवटला होता.

“ते तारे... सकाळच्या पहिल्या प्रयोगाला थरथरत नाहीत. कधीच नाहीत. यंत्राचा दिवा पेटून... बराच वेळ झाला की मग. मी रोज पेटीवर हात ठेवून बघतो. पेटी थंड असली की तारे ठीक. पेटी हाताला... गरम लागली, की थरथर.”

आठ दिवस! आठ दिवस तो हे एकच वाक्य तिच्या दारात घेऊन उभा होता!

तिनं वहीत लिहिलेलं ‘वायर’ खोडलं. वही खाली ठेवली. आणि हात जोडले. त्याला, की आणखी कुणाला, तिचं तिलाच ठाऊक.

अर्ध्या तासात ती मामीचा हेअर ड्रायर घेऊन परत आली.

“बोर्डाचे... केस वाळवताय?” त्यानं विचारलं.

तिनं डोळे वटारले, पण हसू काही लपलं नाही. तिनं स्कोप जोडला. हे तिचं आवडतं यंत्र. तारांमधून काय धावतंय ते पडद्यावर हिरव्या रेघांनी काढून दाखवणारं. वरची रेघ ठेक्याची, खालची शब्दाची. थंड बोर्डावर सगळं छान होतं. शब्द येऊन उभा राहायचा, मग टाळी पडायची. तिनं ड्रायर लावला. गरम वारा बोर्डावर खेळू लागला.

आणि दोघांच्या डोळ्यांदेखत खालची रेघ मागं सरकू लागली. एका केसाएवढी. मग दोन केसांएवढी. साधा दुभाषा तापून सुस्तावत होता. वरची रेघ मात्र जागची हलेना. राजाच तो! वेगवान दुभाष्यावर स्वार होऊन टाळी वेळेवर येत होती, आणि शब्द अजून उंबऱ्यावरच होता. यंत्र टाळीसरशी वाचत होतं. काय वाचणार? नवा शब्द पोचलेलाच नाही, म्हणून समोर जो होता तोच. मागचाच. आणि तारा एक पाऊल मागं जात होता.

तिनं ड्रायर बंद केला. पेन्सिल घेतली.

‘ठेका घाई करतो,’ तिनं लिहिलं. ‘शब्द पोचायच्या आत वाचतो. म्हणून चुकीचं वाचतो.’

लिहून झालं आणि ती त्या ओळीकडे बघतच राहिली. जणू ती ओळ तिनं लिहिलीच नव्हती, कुणीतरी तिच्याविषयी लिहून तिच्या हाती दिली होती. कान तापले. डोळे भरून आले. त्यानं वाचलं. खिशातला रुमाल काढून पेटीच्या कडेवर ठेवला, तिला हात लांबवता येईल एवढ्या अंतरावर.

मग पुढचं सुचायला वेळ लागला नाही. शब्दांना वेगवान करावं? गरमीत तेही कधीतरी मागं पडतील. ठेका उशिरा सोडावा? सकाळी थंडीत किती, दुपारी तापल्यावर किती? तिनं बोर्ड पालथा केला, आणि तिचं बोट एका जागी थांबलं. शब्दांच्या त्या साध्या चिपेला आठ वाटा होत्या. सात वापरात होत्या. आठवी पहिल्या दिवसापासून रिकामी होती.

‘राजाला पायी चालवायचं,’ तिनं लिहिलं. ‘सगळ्यांबरोबर. त्याच दारातून.’

ठेक्याची तार तिनं खास दुभाष्यावरून उपटली आणि आठव्या वाटेवर जोडली. जोडावर फुंकर घातली. पुन्हा स्कोप, पुन्हा ड्रायर. बोर्ड तापला. खालची रेघ मागं सरकू लागली... आणि वरची? वरचीही! तेवढीच! एकाच चिपेत दोघं तापले, दोघं सुस्तावले. शब्द थबकला तिथं ठेका थबकला. उशीर गेला नव्हता. उशीर दोघांना सारखा झाला होता, आणि त्यामुळं उशीर उरलाच नव्हता!

दोघं त्या दोन हिरव्या रेघांकडे बघत बसले. एखाद्या देवळात बसावं तसे. गाभारा एवढासाच, तळहाताएवढा.

“वर... जे आहे,” तो अगदी हळू म्हणाला, “तेच इथं पण आहे.”

तिनं मान हलवली. पूर्ण वाक्य ऐकून झाल्यावर.

*

रविवारी पाचच्या प्रयोगाला घुमट भरला होता. मधोमध संचालिकाबाई, चष्मा पुसून सज्ज. शेवटच्या रांगेत मामा, मामी आणि ती. घसा बरा झाला होता. सकाळपासून तिनं घरात सगळ्यांचं डोकं खाऊन मागची कसर भरून काढली होती. आता मात्र ती खुर्चीच्या अगदी कडेवर टेकली होती.

दिवे विझले. सूर्य मावळला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. तो आवाज लोकांना हाताला धरून वर नेत होता. पंधरा. पेटी आता तापली असेल. अठरा. मामीनं तिचा हात घट्ट धरला.

“आता एक मिनिट मी बोलणार नाही,” तो म्हणाला.

तारे उगवले. आकाश फिरू लागलं. तिनं दक्षिणेकडे नजर लावली. पापणीसुद्धा लववेना. तारे कलत होते... कलत होते... तुपात भिजवलेल्या चाकावर फिरावं तसे. एकही अडखळला नाही. एक मिनिट झालं. तो बोललाच नाही. दुसरं मिनिट झालं. कुठंतरी एक म्हातारा गृहस्थ ‘अरे देवा’ म्हणाला, अगदी घरात म्हणावं तसं. एक लहान मूल हात वर करून काहीतरी वेचायला बघत होतं. आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. हजारो तारे, हजारो शब्द, हजारो टाळ्या, आणि त्यातल्या एकालाही पुढं जायची घाई नाही! केवढी ही व्यवस्था! आणि तिच्यात आपल्या हाताचा एक लाल थेंब.

दिवे लागले. संचालिकाबाई उठल्या. चष्मा काढून त्यांनी पुन्हा पुसला, आणि या वेळी काचेआधी डोळे पुसले. “सोमवारी तुमचा अकराचा प्रयोग आहे,” त्या निवेदकाला म्हणाल्या. “उशीर करू नका.” आणि गेल्या.

मामा-मामी पोरीकडे एकवार बघून “आम्ही बाहेर स्पीकर कसा वाजतो ते बघतो,” म्हणत सटकली. स्पीकर तर केव्हाच दुरुस्त झाला होता!

घुमटाखाली दोघंच उरले. लख्ख उजेड. तो यंत्रामागून पुढं आला. कान लालबुंद.

“माझी... दोन वाक्यं,” तो म्हणाला, “तुमच्याकडे... अर्धी राहिलीत.”

तिच्या जिभेवर सात उत्तरं एकदम धावून आली. पहिलं ‘कळलं’. दुसरं ‘माफ करा’. तिसरं ‘मलाही’. पोटातून ती वर उसळली, दातांपर्यंत आली. तिनं ओठ मिटले. डोळे त्याच्या चेहऱ्यावर ठेवले, आणि थांबली.

तो अडखळला. ती थांबली. त्यानं आवंढा गिळला. ती थांबली. आयुष्यात इतकं अवघड काम तिनं केलं नव्हतं, आणि इतकं गोडही.

“तुम्ही म्हणालात... निष्काळजी असेल. मी ते म्हणत नव्हतो.” त्यानं पेटीवर तळहात टेकवला. पेटी अजून गरम होती. “मला वाटायचं... हा थेंब लावणारं माणूस... या बंद पेटीत, जिथं कधीच कुणी बघणार नाही, तिथंसुद्धा काहीतरी सुंदर ठेवून जातं. असं माणूस... एकदा दिसावं. रोज मागायचो. वर बघून.”

तिनं श्वास रोखला. अजून एक वाक्य होतं.

“आणि दुसरं. हे यंत्र उतरवलं, तरी तुम्ही...” तो थांबला. किती वेळ थांबला! तारे उगवून मावळले असते. “तरी तुम्ही येत राहाल का? थरथर बघायला नाही. मला... बघायला. मला तुम्ही हव्या आहात. काळोखात बोलायला सोपं गेलं असतं. पण म्हटलं... हे उजेडातच पोचवावं.”

वाक्य पुरं झालं होतं. ती तरीही बोलली नाही. एक क्षण, दोन क्षण. ते शब्द आत नीट उतरू दिले, तळाशी टेकू दिले. मग तिनं आपला हात त्याच्या हाताशेजारी, त्या ऊबदार पत्र्यावर ठेवला.

“हो,” ती म्हणाली. “येईन. रोज येईन.”

त्यानं कोंडलेला श्वास सोडला, आणि पहिल्यांदाच, भर उजेडात, एका दमात, कुठंही न अडखळता म्हणाला, “केवढा उशीर केलास गं!”

तिनं हसून त्याच्याकडे पाहिलं.

“तुझ्याबरोबर चालत आले ना,” ती म्हणाली.